सरकारी निवेदन संपते तिथून पुढे

३१ ऑक्टोबर २००९ रोजी उत्तर मेक्सिकोतल्या सान पेद्रो गार्सा गार्सिया इथे नव्या महापौरांचा शपथविधी होता. मॉन्टेरे महानगराला खेटून असलेली ही नगरपालिका देशातली सर्वांत श्रीमंत मानली जाते, आणि महापौर मौरिसिओ फर्नांडेस हेही मॉन्टेरेच्या एका बड्या उद्योगपती घराण्यातले. गावाला खंडणीने आणि अपहरणांनी छळणारा एक गुंड मरून पडला आहे, असे त्यांनी भाषणात जाहीर केले. तो मेला होता हे खरेच. मृतदेह नऊशे किलोमीटरवरच्या मेक्सिको सिटीत होता. पण महापौर हे बोलले तेव्हा पोलिसांनी त्या मृतदेहाची ओळखही पटवलेली नव्हती.

महापौरांना आधी कसे कळले? काही दिवस या प्रश्नाचे मथळे झाले. त्यांनीही फारसे आढेवेढे घेतले नाहीत. गावाच्या ‘साफसफाई’साठी आपली कडक माणसे आहेत, असे ते बोलून मोकळे झाले. मग दुसऱ्या गावात दुसरे मृतदेह सापडले आणि बातमी मागे पडली. मॉन्टेरेमध्येच १९८० साली जन्मलेले पत्रकार दिएगो एन्रिके ओसोर्नो यांनी ती सोडली नाही. एमिलियानो आल्तुना आणि कार्लोस रोसिनी या दोघांबरोबर त्यांनी ‘एल आल्काल्दे’, म्हणजे ‘महापौर’, हा माहितीपट केला. तो २०१२ साली आला. महापौर आपल्या आलिशान घरात, जमवलेल्या जीवाश्मांच्या आणि कलावस्तूंच्या मधोमध बसून बोलत राहतात, आणि कॅमेरा त्यांना बोलू देतो. कायद्याची हद्द ओलांडण्याबद्दल त्यांच्या चेहऱ्यावर कुठे संकोच दिसत नाही. त्यांच्या मतदारांपैकी पुष्कळांनाही तो वाटला नसावा, कारण २०१५ मध्ये लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिले.

ओसोर्नो यांचे लेखन आणि माहितीपट यांतून गेली वीस वर्षे एकच प्रश्न फिरत आला आहे: गुन्हेगारी जग आणि राज्यसंस्था हे खरोखर दोन वेगळे पक्ष आहेत का? मला या कारकिर्दीबद्दल जे म्हणायचे आहे ते मेक्सिकोपुरते नाही, पण मेक्सिकोत ते सर्वांत स्पष्ट दिसते. हिंसाचाराच्या बातमीत सरकारचे निवेदन म्हणजे एका पक्षकाराचे म्हणणे. पत्रकाराने ते तसेच वागवावे. आणि ते म्हणणे तपासायला जी वर्षे लागतात, त्या वर्षांचा खर्च समाजाने उचलावा, कारण दुसरे कोणीही तो बिनशर्त उचलत नाही.

ओसोर्नो यांची जडणघडण झाली ती २००६ च्या वाहाकामध्ये. दक्षिणेतल्या या गरीब राज्यात शिक्षक संघटनेच्या बाविसाव्या शाखेने राजधानीच्या चौकात ठिय्या दिला होता. १४ जूनच्या पहाटे राज्यपाल उलिसेस रुईस यांच्या पोलिसांनी तो उधळायचा प्रयत्न केला. त्यातून शिक्षकांचा संप सगळ्या शहराचा उठाव झाला आणि तो पुढे कित्येक महिने चालला. ओसोर्नो तेव्हा ‘मिलेनियो’ या दैनिकासाठी लिहीत होते. त्या दिवसांवर त्यांनी पुढच्याच वर्षी पुस्तक लिहिले. उठाव चालू असतानाच, २७ ऑक्टोबर २००६ रोजी, ब्रॅड विल हा अमेरिकन व्हिडिओ-वार्ताहर चित्रण करत असतानाच गोळी लागून मेला. त्याचा स्वतःचा कॅमेरा त्याच्या मृत्यूपर्यंत चालू होता. त्या दिवशी साध्या कपड्यांतली माणसे आंदोलकांवर बंदुका रोखून उभी होती. त्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली आणि ती स्थानिक प्रशासनाशी आणि पोलिसांशी संबंधित माणसे म्हणून ओळखलीही गेली. तरी तुरुंगात गेला तो आंदोलनाच्याच बाजूचा एक माणूस. सव्वा वर्षाहून अधिक काळ आत राहून २०१० मध्ये तो सुटला, कारण त्याच्याविरुद्ध पुरावाच नव्हता. ज्याने हे जवळून पाहिले, तो पोलिसांच्या पत्रकावरून बातमी लिहायला पुन्हा बसू शकेल असे मला वाटत नाही.

२००६ च्याच डिसेंबरमध्ये फेलिपे काल्देरोन राष्ट्राध्यक्ष झाले आणि दहाच दिवसांत त्यांनी मिचोआकान राज्यात सैन्य उतरवले. ‘अमली पदार्थांविरुद्धचे युद्ध’ सुरू झाले. या युद्धाची एक अधिकृत गोष्ट होती आणि ती फार सोयीची होती. एका बाजूला सरकार, दुसऱ्या बाजूला टोळ्या. टोळ्या आपसांत मारामाऱ्या करून मरताहेत, अधूनमधून एखादा निरपराध मध्ये सापडतो. ही गोष्ट मान्य केली की पुढचे प्रश्न आपोआप बंद होतात. मेलेला माणूस ‘त्यांच्यातलाच’ असणार असे गृहीत धरले जाते, आणि तपास न होणे कोणाला खटकत नाही.

दूरचित्रवाणीने ही गोष्ट सांगायला कशी मदत केली, याचे उदाहरण युद्ध सुरू होण्याआधीचेच आहे. ९ डिसेंबर २००५ च्या सकाळी मेक्सिकोच्या दोन मोठ्या वाहिन्यांनी एक छापा थेट दाखवला: शस्त्रधारी पोलीस एका घरात घुसतात, अपहृतांची सुटका करतात, फ्लोरांस कासे नावाची फ्रेंच तरुणी आणि तिचा मेक्सिकन साथीदार यांना पकडतात. प्रत्यक्षात अटक आदल्या दिवशीच झाली होती. प्रेक्षकांनी पाहिले ते कॅमेऱ्यांसाठी रचलेले नाटक होते. जानेवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कासेला सोडले, कारण या नाटकाने सगळा खटलाच नासवला होता. तिच्याबरोबर पकडलेला माणूस जवळजवळ वीस वर्षे तुरुंगात होता आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये निर्दोष ठरून बाहेर आला. हा छापा ज्या यंत्रणेने रचला तिचे प्रमुख होते खेनारो गार्सिया लुना. छाप्याच्या पुढच्याच वर्षी ते काल्देरोन यांचे सार्वजनिक सुरक्षा मंत्री झाले. युद्धाची सूत्रे त्यांच्याकडे आली.

सिनालोआ कार्टेल या अमली पदार्थांच्या बड्या टोळीवरचे ओसोर्नो यांचे पुस्तक निघाले २००९ साली, म्हणजे गार्सिया लुना मंत्रिपदावर असताना. त्याचे उपशीर्षकच सांगते की हा अमली पदार्थांच्या राजकीय वापराचा इतिहास आहे. अफूच्या शेतांपासून सुरू होऊन कोणत्या काळात कोणत्या सत्तेने या धंद्याला कसे सांभाळले, वापरले, हवे तेव्हा कसे बळी दिले, हे ते पाहते. डाकूंच्या सुरस कथा वाचायला आलेल्या वाचकाच्या हाती सत्तेच्या इतिहासाचे पुस्तक पडते. तेव्हा असे म्हणणाऱ्यांना षड्यंत्राच्या कल्पना रंगवणारे ठरवणे सोपे होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या ज्युरीने गार्सिया लुना यांना सिनालोआ कार्टेलकडून लाच घेतल्याबद्दल दोषी ठरवले. पुढच्या वर्षी त्यांना ३८ वर्षांहून अधिक कैद झाली. युद्धाचा सेनापतीच शत्रूच्या पगारावर होता, हे न्यायालयात सिद्ध व्हायला दशकाहून अधिक काळ गेला, आणि तेही परदेशातल्या न्यायालयात. दरम्यान ज्यांनी त्यांची निवेदने रोज शब्दशः छापली, त्यांनी वाचकाला काय दिले?

मार्च २०११ मध्ये शेकडो माध्यमसंस्थांनी हिंसाचाराच्या वार्तांकनाबद्दल एक करार केला. गुन्हेगारांचे उदात्तीकरण करू नये, त्यांचा प्रचार छापू नये, बळींची प्रतिष्ठा जपावी असे त्यात होते, आणि त्यातले कलमन् कलम वाचताना कोणीही मान डोलावेल. पण ‘प्रोसेसो’ साप्ताहिकाने, ‘ला होर्नादा’ आणि ‘रेफोर्मा’ या दैनिकांनी सही केली नाही. मला त्यांचा नकार योग्य वाटतो. जिथे शासनाचा हात आणि टोळीचा हात वेगळा ओळखता येत नाही, तिथे एकाच बाजूच्या प्रचारापासून सावध राहण्याची सामूहिक शपथ म्हणजे दुसऱ्या बाजूला मोकळे रान. त्याच महिन्यात कोआविला राज्यातल्या आयेन्दे गावात सेतास टोळीने कित्येक कुटुंबे उचलली आणि घरे भुईसपाट केली. नगरपालिकेचे पोलीस त्यांना सामील होते. देशभर याचा गवगवा व्हायला वर्षे लागली. ओसोर्नो यांनी २०१४ मध्ये तिथे जाऊन लिहिले, तोपर्यंत किती माणसे गेली याचा आकडाही कोणाला ठरवता आलेला नव्हता. आजही त्यावर एकमत नाही.

त्यांच्या कामातला मला सर्वांत जास्त हलवून टाकणारा भाग मात्र टोळ्यांशी संबंधित नाही. ५ जून २००९ रोजी सोनोरा राज्यातल्या हेर्मोसियो शहरात ‘एबीसी’ नावाच्या पाळणाघराला आग लागली आणि ४९ मुले गेली. शंभरांहून जास्त जखमी झाली. हे पाळणाघर केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संस्थेने खासगी मालकांना ठेक्याने चालवायला दिले होते. मालकांत राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीची एक नातलगही होती. आग सुरू झाली ती शेजारच्या गोदामात, आणि ते गोदाम वापरत होते राज्य सरकारचे वित्त खाते. म्हणजे केंद्रात एक पक्ष, राज्यात दुसरा, आणि पाळणाघर दोघांच्या मधल्या भिंतीला लागून. आत शिरायला वाट नव्हती म्हणून एका माणसाने आपला ट्रक भिंतीवर आदळून भगदाडे पाडली आणि त्यांतून मुले बाहेर काढली गेली.

ओसोर्नो यांनी यावर २०१० मध्ये पुस्तक लिहिले. त्याचे नाव आहे ‘दोषी आम्हीच आहोत’. आपले मूल गमावलेल्या एका वडिलांनी मोर्चातल्या भाषणात म्हटले होते की दोषी मीच, कारण प्रामाणिकपणे नोकरी केली, तिने दिलेला सामाजिक सुरक्षेचा हक्क वापरला आणि पाळणाघर सुरक्षित आहे असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवला. पुस्तकाचे शीर्षक त्याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवते. त्यात गुंड नाहीत, बंदुका नाहीत. त्यात आहेत ठेके, तपासणीचे अहवाल, सह्या, आणि ‘आमच्या अखत्यारीत येत नाही’ असे सांगणारे एकामागोमाग एक अधिकारी. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती आर्तुरो साल्दिवार यांनी उच्चपदस्थांना जबाबदार धरणारा मसुदा मांडला. जून २०१० मध्ये बहुमताने तो फेटाळला. पालक मागे हटले नाहीत. त्यांच्या रेट्यामुळे २०११ मध्ये पाळणाघरांच्या सुरक्षिततेचा देशव्यापी कायदा झाला, आणि लोक त्याला ‘५ जून कायदा’ म्हणतात. हा लढा पालकांचा होता, पत्रकाराचा नाही. पण सरकारी खुलाशांच्या पहिल्या आठवड्यातच, एखाद्या कूलरच्या मोटरवर दोष ढकलून प्रकरण मिटले असते, तर पालकांच्या बाजूने उभे राहायला देशाकडे काही माहितीच उरली नसती. माझ्या मते ओसोर्नो यांच्या सगळ्या लेखनाची किल्ली इथे आहे. सिनालोआच्या पुस्तकात आणि पाळणाघराच्या पुस्तकात ते एकच काम करतात: दुर्घटना किंवा गुन्हा म्हणून सांगितलेल्या घटनेच्या मागे जाऊन कारभार शोधतात.

या पद्धतीवर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिला असा, की ‘एल आल्काल्दे’ सारखा माहितीपट कायदा हातात घेणाऱ्या माणसाला व्यासपीठ देतो. त्यातले महापौर बोलके आहेत, विनोदी आहेत, कधीकधी मोहकही. काही प्रेक्षक त्यांच्यावर खूश होऊनच बाहेर पडले असतील. मला हा धोका खरा वाटतो, तरी तो पत्करावा असेही वाटते. महापौरांना निवेदकाच्या आवाजाने झोडपले असते तर आपण सगळे निर्धास्त झालो असतो. दोष त्या एका माणसावर टाकून घरी गेलो असतो. त्यांना बोलू दिल्यामुळे कळते की सुरक्षित गावात राहणाऱ्या सुशिक्षित, सधन लोकांना हे बोलणे पटते. मेक्सिकोतल्या हिंसेबद्दलची ही माहिती कोणत्याही पोलीस पत्रकात नसते.

दुसरा आक्षेप पक्षपाताचा. ओसोर्नो यांची सहानुभूती कुठे आहे हे लपलेले नाही. मे २०२१ मध्ये दक्षिणेतल्या चियापास राज्यातले सात सापातिस्ता, म्हणजे जमिनीसाठी उठाव केलेल्या चळवळीतले आदिवासी, ‘ला मोंतान्या’ नावाच्या जहाजातून अटलांटिक ओलांडून युरोपला निघाले, तेव्हा ओसोर्नो त्या जहाजावर होते. पुढे त्यातून माहितीपट झाला. स्पॅनिशांनी आझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान घेतल्याला १३ ऑगस्टला पाचशे वर्षे पूर्ण झाली, त्या दिवशी माद्रिदच्या रस्त्यांवर सापातिस्तांनी सांगितले की आम्ही जिंकले गेलेलो नाही. या प्रसंगाचे चित्रण करणारा माणूस तटस्थ राहतो असे कोणी म्हणणार नाही. पण सापातिस्तांची बाजू कुठून येते हे महाराष्ट्राला अगदीच अनोळखी नसावे. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे १९२० च्या दशकात मेक्सिकोत स्थिरावले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत कृषी शाळा उभ्या केल्या. दिएगो रिवेरा यांनी शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना चितारले आहे. मेक्सिकन क्रांतीने शेतकऱ्याला जमिनीचे जे वचन दिले, त्याच्या भरात ते काम झाले. राष्ट्राध्यक्ष कार्लोस सालिनास यांच्या काळात, १९९२ मध्ये, राज्यघटनेचे सत्ताविसावे कलम बदलून सामूहिक जमिनी विकायची वाट मोकळी केली गेली आणि १ जानेवारी १९९४ रोजी चियापासमध्ये सापातिस्तांचा उठाव झाला. ओसोर्नो यांनी त्या वर्षावर नेटफ्लिक्ससाठी पाच भागांची मालिका केली, २०१९ मध्ये. तिच्या मध्यभागी आहे सत्ताधारी पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार लुइस दोनाल्दो कोलोसियो यांचा २३ मार्च १९९४ रोजी तिहुआनात झालेला खून. त्या मालिकेत खुद्द सालिनासही बोलतात. पक्ष घेणारा पत्रकार समोरच्या पक्षाच्या सर्वांत मोठ्या माणसाला खुर्चीत बसवून पूर्ण ऐकतो, आणि अब्जाधीश कार्लोस स्लिम यांचे राजकीय चरित्र लिहिताना त्यांच्याशीही समोरासमोर बसून बोलतो, तेव्हा तटस्थतेच्या नावाखाली फक्त अधिकृत निवेदन छापणाऱ्यापेक्षा मला तो जास्त विश्वासार्ह वाटतो.

आता या सगळ्याची किंमत. ती बहुतेक वेळा ओसोर्नो यांच्यासारखे देशभर नाव असलेले लेखक मोजत नाहीत. ती मोजतात गावोगावचे वार्ताहर. ‘प्रोसेसो’साठी वेराक्रूझमधून लिहिणाऱ्या रेखिना मार्तिनेस २८ एप्रिल २०१२ रोजी घरातच मारल्या गेल्या. चिवावात मिरोस्लावा ब्रीच यांना मार्च २०१७ मध्ये घराबाहेर गोळ्या घातल्या. त्यानंतर कुलियाकानच्या ‘रियोदोसे’ साप्ताहिकाचे सहसंस्थापक खाविएर वाल्देस यांनी लिहिले की हा नरक टिपण्याची शिक्षा मृत्यू असेल तर आम्हा सगळ्यांनाच मारा, पण गप्प बसणार नाही. दोन महिने व्हायच्या आत, १५ मेला, भर दुपारी त्यांना कार्यालयाजवळच मारले. लुर्देस माल्दोनादो यांनी २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्रकार परिषदेत उभे राहून सांगितले होते की मला जिवाची भीती वाटते. जानेवारी २०२२ मध्ये तिहुआनात त्यांचा खून झाला. दीर्घ पल्ल्याचे पुस्तक किंवा माहितीपट या माणसांच्या रोजच्या टिपणांवर उभा असतो. कोणत्या रात्री कोणती गाडी कुठे थांबली, हे त्यांनी तेव्हा लिहून ठेवले नसते तर पाच वर्षांनी येणाऱ्या कोणत्याही दिग्दर्शकाला काही सापडले नसते. म्हणून माहितीपटकाराचा गौरव करायचा आणि तालुक्याच्या वार्ताहराला वाऱ्यावर सोडायचे, हे मला मान्य होत नाही.

मेक्सिकोने २०१२ मध्ये पत्रकारांच्या आणि मानवी हक्क कार्यकर्त्यांच्या संरक्षणाचा कायदा केला आणि त्यासाठी स्वतंत्र निधी ठेवला. चित्रपटांसाठीही सार्वजनिक निधी होते. त्यांतून बाजारात न खपणाऱ्या विषयांना थोडा श्वास मिळे. ऑक्टोबर २०२० मध्ये आंद्रेस मान्युएल लोपेस ओब्रादोर यांच्या सरकारने १०९ सार्वजनिक न्यासनिधी एकाच निर्णयाने बरखास्त केले. त्यांत पत्रकार संरक्षणाचा निधी होता आणि ‘फिदेसिने’ हा चित्रपट निधीही होता. या निधींत भ्रष्टाचार आहे, पैसा यापुढे थेट अर्थसंकल्पातून देऊ, असे सरकारचे म्हणणे होते. भ्रष्टाचाराचा मुद्दा काही निधींबाबत खरा असेलही. पण न्यासात ठेवलेला पैसा वर्षाअखेरीस परत जात नाही आणि मंत्र्याच्या मर्जीवर फिरत नाही. अर्थसंकल्पातला पैसा दरवर्षी नव्याने मागावा लागतो, आणि मागायचा कोणाकडे, तर ज्याची चौकशी चालू आहे त्याच्याकडे. हे सरकार डाव्या विचारांचे होते, बळींच्या बाजूने बोलत सत्तेवर आले होते, आणि रोज सकाळी पत्रकारांशी बोलतही होते. तरी २०२१ पासून त्याच सकाळच्या परिषदेत कोणत्या पत्रकाराने काय ‘खोटे’ छापले याचा आठवड्याचा पाढा सुरू झाला. पक्ष बदलतो, पण निवेदन हेच सत्य मानावे ही अपेक्षा बदलत नाही.

नेटफ्लिक्सने ही पोकळी भरली आहे असे काही जण म्हणतात. भरली आहे, पण अर्धीच. कोलोसियोंच्या खुनावरची मालिका मोठ्या कंपनीच्या पैशाशिवाय त्या थाटात झाली नसती, हे मान्य. मात्र तीस वर्षांपूर्वीचा गाजलेला खून जगभरच्या प्रेक्षकाला विकता येतो. एखाद्या नगरपालिकेच्या चालू ठेक्यांचा शोध विकता येत नाही. ओसोर्नो यांनी मालिकेच्याच वर्षी, २०१९ मध्ये, मॉन्टेरेचा कवी सामुएल नोयोला याचा शोध घेणारा माहितीपटही पूर्ण केला. ओक्ताविओ पाझ यांनी उचलून धरलेला हा कवी एक दिवस नाहीसा झाला. एक लाखाहून जास्त माणसांची नावे सरकारी ‘बेपत्ता’ नोंदवहीत असलेल्या देशात एका बेपत्ता कवीचा माग काढायला कोणती कंपनी आपणहून पैसे देईल? असे चित्रपट लोकांपर्यंत नेणारा ‘आंबुलांते’ हा फिरता माहितीपट महोत्सव २००५ पासून गावोगावी जातो, हा मोठाच आधार आहे, पण महोत्सव दाखवू शकतो, वर्षानुवर्षांचा शोध पोसू शकत नाही.

२०१४ च्या सप्टेंबरमध्ये आयोत्सिनापाच्या शिक्षक विद्यालयाचे ४३ विद्यार्थी नाहीसे झाले. चार महिन्यांत, जानेवारी २०१५ मध्ये, महाधिवक्ता खेसुस मुरियो कारम यांनी ‘ऐतिहासिक सत्य’ जाहीर केले: टोळीने मुलांना मारून कोकुलाच्या कचराडेपोत जाळले. त्याच वर्षी आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाने पाठवलेल्या स्वतंत्र तज्ज्ञांनी दाखवून दिले की सांगितले तसे तिथे घडणे शक्यच नव्हते. २०२२ मध्ये मुरियो कारम यांनाच अटक झाली. हे तज्ज्ञ टिकले, कारण त्यांचा पैसा आणि त्यांची नेमणूक मेक्सिकोच्या सरकारच्या एकट्याच्या हातात नव्हती. पत्रकारांच्या संरक्षणाचा आणि माहितीपटांचा निधी हवा तो याच धर्तीवर: संसदेने कायद्याने बांधलेला, अनेक वर्षांसाठी दिलेला, वाटपात कोणत्याही मंत्रालयाचा हात नसलेला, आणि राजधानीतल्या दिग्दर्शकाइतकाच कुलियाकानच्या किंवा हेर्मोसियोच्या वार्ताहरालाही हक्काने मागता येईल असा.